हे घर आज बांधायचं म्हटलं तर

आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात माणसं मेंढराच्या पाठीवरून हात फिरवून किंमत सांगतात. दात बघतात, कमरेत बोटं रोवून मांस चाचपतात, एकदा चालवून बघतात आणि आकडा बोलतात. तो फारसा चुकत नाही. २०२० साली माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाखांची बोली लागली आणि तरी मालकाने तो दिला नाही, ही बातमी देशभर गेली. बाहेरच्या लोकांना त्याचं नवल वाटलं. इथे मात्र त्या मेंढ्याचं बाकदार नाक, त्याची उंची, त्याच्यापासून होणारी पैदास यावर गंभीरपणे चर्चा चालू होती. माणदेशात जनावर म्हणजे हलती ठेव. तिचा भाव ज्याला कळत नाही तो दुष्काळात तग धरत नाही.

डाळिंबाच्या सौद्यातही तेच. क्रेट उघडला की रंग, आकार, डाग बघून किलोचा दर ठरतो. पण याच जाणकार माणसाला विचारावं, की तुमचं राहतं घर आज नव्याने बांधायचं म्हटलं तर किती लागतील? तो थबकतो. मग गुंठ्याचा भाव सांगतो. स्टँडजवळ एवढा, आतल्या गल्लीत तेवढा, बायपासला कितीतरी. म्हणजे जागेची किंमत सांगतो. भिंती, स्लॅब, दारं-खिडक्या, वायरिंग, पाण्याची टाकी या सगळ्याची मिळून रक्कम त्याने कधी केलेलीच नसते. घर बांधताना जो हिशेब वहीत लिहिला होता तो त्या वर्षाचा. त्यानंतर सिमेंट कुठल्या कुठे गेलं, वाळू मिळेनाशी झाली, गवंड्याची हजेरी वाढली, आणि वही तिथेच राहिली.

हा प्रश्न यंदा वैशाखात आमच्या घरात निघाला, घरविम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला तेव्हा. पॉलिसीवर घराची रक्कम होती आठ लाख. ती ठरली तेव्हा पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या आणि मागची माळवदाची खोली एवढंच घर होतं, आणि तेव्हा ती पुरेशी होती. नंतर वर माडी चढली. माडीवर सोलरचं पाणी आलं, मग विजेचे सोलर पॅनल आले. परसातलं न्हाणीघर पाडून नवं बांधलं. कंपाउंडची भिंत झाली. पॉलिसी मात्र आठ लाखांवरच फिरत राहिली, कारण नूतनीकरण आता फार सोपं झालं आहे. मेसेजातल्या निळ्या ओळीवर बोट ठेवायचं, पैसे भरायचे, पुढच्या वर्षीची तारीख येते. ह्या सगळ्यात कुणीही घराकडे बघत नाही. कंपनी बघत नाही आणि घरात राहणारेही बघत नाहीत.

माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटतं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तुळया, त्यावर आडव्या किलच्या, त्यावर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, असं ते सपाट छप्पर. कमी पावसाच्या मुलखाला ते शोभतं. उन्हाळ्यात खाली गारवा असतो, रात्री वर निजता येतं, शेंगा आणि मिरच्या वाळत घालता येतात. पण त्याला दरसाल हात लावावा लागतो. मृग लागायच्या आत गावातल्या पांढरीची चिकट माती आणायची, भिजवून अंथरायची, चोपणीने चोपायची, पाणी पन्हळीकडे नीट उतरतं की नाही ते तांब्याभर पाणी ओतून बघायचं. ते करताना घरातलं कुणीतरी छपराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून चालायचं. पाय टाकला की कळायचं, इथे तुळई खचली आहे, इथे उंदरांनी पोखरलं आहे, इथे वाळवी लागली आहे. पॉलिसीचं नूतनीकरण खरं म्हणजे असंच व्हायला हवं: वर्षातून एकदा सगळ्या घरावरून पाय फिरला पाहिजे.

म्हणून पैसे भरायच्या आधी आम्ही घर मोजायला घेतलं. माझा धाकटा भाऊ कोईमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहे. तो व्हिडिओ कॉलवर, गल्लीतले मिस्त्री टेपचं एक टोक धरून, मी दुसरं टोक आणि वही. आई ओट्यावर बसून लक्ष ठेवून होती.

घरविम्यात माप घेतात ते कार्पेट एरियाचं, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेचं. बाहेरच्या भिंतींची जाडी त्यात येत नाही. व्हरांडा, गच्ची, पोर्च, गाडी लावायची जागा यांच्या क्षेत्रफळाचा चौथा हिस्सा धरतात. पुढच्या खोल्यांचं आणि माडीचं माप सरळ झालं. माळवदाच्या खोलीत आलो आणि मिस्त्री अडले. तिच्या भिंती दगड-मातीच्या, दोन हात रुंद. कोनाडे त्या भिंतीतच, धान्याचा बळद त्या भिंतीतच, दाराची चौकट इतकी खोल की उंबऱ्यावर माणूस आडवा बसतो. आतून मोजलं तर खोली लहान भरते.

‘‘बाई, माप आतनं घेताय, आन् पैसा तर सगळा भितीत हाय,’’ मिस्त्री म्हणाले.

ते अगदी बरोबर बोलले. विम्याचं सूत्र साधं आहे: कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा आजचा दर. त्यात दर कोणता धरता यावर सगळं अवलंबून. माळवदाची खोली तशीच्या तशी उभी करायची तर दगड घडणारे वडार शोधावे लागतील, तुळयांचं लाकूड कुठून आणायचं हा प्रश्न, पांढरीची माती आता कोण उकरू देतं! ती पडली तर तिच्या जागी विटांची आणि स्लॅबचीच खोली उभी राहणार, हे आम्ही आईलाही समजावलं. मग त्या खोलीला बाकीच्या घरासारखाच दर लावायचा ठरलं. आईला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, ह्या खोलीत तुमच्या आज्याचं हाड हाय, हिची किंमत जास्त धरा. तसली किंमत धरायला विम्यात रकाना नाही, आणि नसलेलाच बरा.

आमच्याकडच्या बांधकामाला चौरस फुटाला दोन हजार रुपये दर धरला. फार भारी फरशी नाही, फार साधी नाही. घर भरलं एक हजार चौरस फुटांच्या आसपास. म्हणजे वीस लाख. पॉलिसीवर आठ. भाऊ फोनवर गप्प झाला, मग म्हणाला, ‘‘आक्का, परत मोज.’’ परत मोजलं, तेवढंच आलं.

आता हा आठ आणि वीसमधला फरक प्रत्यक्षात काय करतो, ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. समज असा असतो की, आठ लाखांचा विमा आहे ना, मग आठ लाखांपर्यंतचं नुकसान तर मिळेल. जुन्या पद्धतीच्या आगविम्यात तसं होत नाही. त्यात सरासरीचं कलम असतं. घराचं खरं मोल वीस लाख आणि विमा आठ लाखांचा, तर कंपनी म्हणते, तुम्ही पाचातल्या दोनच हिश्श्यांचा विमा काढला होता, उरलेल्या तीन हिश्श्यांची जोखीम तुम्ही स्वतःच घेतली. मग पाच लाखांचं नुकसान झालं तरी हातात येतात दोन लाख. नुकसान विम्याच्या रकमेच्या आत असूनही पैसे कापले जातात. विमा थोडका असेल तर लहान नुकसानीतही माणूस नागवला जातो, ही गोष्ट पहिल्यांदा समजते तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात राग जातो. पण कलम छापलेलं असतं.

१ एप्रिल २०२१ पासून यात मोठा बदल झाला. विमा नियामक प्राधिकरणाने सगळ्या कंपन्यांसाठी घरांची एकच प्रमाण पॉलिसी आणली, भारत गृह रक्षा. हिच्यात सरासरीचं कलम राहत्या घरापुरतं सोडून दिलं आहे. विमा कमी असला तरी नुकसानीची रक्कम त्या प्रमाणात कापत नाहीत; विम्याच्या रकमेपर्यंत भरपाई मिळते. ही सामान्य माणसाच्या बाजूने झालेली फार चांगली गोष्ट आहे, आणि तिचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. सगळं घर गेलं तर मिळणार आठच लाख, आणि आठ लाखांत आज आटपाडीत आमचं निम्मं घरसुद्धा उभं राहणार नाही. मोठ्या संकटासाठी विमा काढायचा आणि मोठ्या संकटातच तो तोकडा पडायचा, असं होतं.

ह्या पॉलिसीत आणखी काही गोष्टी आहेत त्या खेड्यातल्या घराला फार जवळच्या आहेत. घराच्या इमारतीत कंपाउंडची भिंत येते, फाटक येतं, पाण्याची पक्की टाकी, सेप्टिक टँक, सोलर पॅनल येतात आणि गोबर गॅसचं संयंत्रही येतं. ज्याने कुणी ही यादी केली त्याने खेडं पाहिलेलं असणार. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणं, दंगल, टाकी फुटून झालेलं नुकसान, गाडी येऊन भिंतीवर आदळणं, हे सगळं एकाच छपराखाली. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतकं संरक्षण त्यातच धरलेलं असतं. सामानाची यादी द्यावी लागत नाही. आमच्या घरात त्या वीस टक्क्यांत सगळं बसतं. ज्यांच्या घरी सागवानी फर्निचर, दोन फ्रिज, एसी आहेत त्यांनी सामानाची रक्कम वेगळी वाढवून घ्यावी. आणि भरपाई नव्याने उभारण्याच्या खर्चाची असते, घर जुनं झालं म्हणून घसारा कापून उरलेली नव्हे.

पण मुळात आमच्या भागात घराचा विमा काढतो कोण? आटपाडी तालुक्यात डाळिंबाच्या बागेचा विमा माहीत नाही असं घर सापडणार नाही. अंबिया बहार, मृग बहार, हवामान केंद्र, ट्रिगर हे शब्द शाळेतल्या पोरांना येतात. नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, हे बायाबापड्यांना पाठ आहे. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला तेव्हा सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. खिल्लार बैलाच्या, गाईच्या कानात विम्याचा बिल्ला असतो. ट्रॅक्टरला आहे, पिकअपला आहे. ह्या सगळ्यांवर छप्पर धरून उभं असलेलं घर तेवढं उघडं.

मला याचं कारण दुष्काळात दिसतं. माणदेशाच्या मनात संकट म्हणजे पाणी नसणं. दुष्काळ घर पाडत नाही, तो माणसं उठवून नेतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ह्याच मातीतली. तिथेही शेवटी गाव उठून जातं, घरं जागच्या जागी राहतात. पिढ्यान्‌पिढ्या आमची भीती विहिरीच्या तळाशी आणि आभाळाकडे लागलेली, भिंतीकडे नाही. त्यात टेंभू योजनेचं पाणी यायला इतकी वर्षं लागली, त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली, वर्षानुवर्षं लढावं लागलं. ज्या लोकांची सारी ताकद पाण्यात गेली त्यांना घराची काळजी करायला उसंत कधी मिळणार?

जिल्हा एकच, पण पश्चिमेला भीती उलटी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातली, पलूस-वाळव्यातल्या नदीकाठची घरं आठ-आठ दिवस पाण्यात राहिली. त्याच महिन्यात आमच्या बाजूला टँकर चालू होते. आमच्या नात्यातल्या नदीकाठच्या घरांतून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की पाणी ओसरल्यावर खरा खर्च सुरू होतो. फुगलेली दारं, उखडलेली फरशी, भिजलेलं वायरिंग, भिंतीत महिनोन् महिने राहणारी ओल. घर उभं असतं आणि तरी राहण्याजोगं नसतं. असल्या वेळी दुसरीकडे भाड्याने राहावं लागलं तर त्या भाड्याचीही तरतूद भारत गृह रक्षामध्ये आहे.

आणि आमच्याकडेही पाऊस आता सांगून येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर-सांगलीच्या कोरड्या तालुक्यांनाही झोडपून काढलं. मातीच्या भिंती एका सरीने पडत नाहीत. दोन-तीन दिवस पाणी पितात, ऊन पडलं की सुटतात. वळवाचा वारा तर दरसालचा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येतं, वावटळ उठते आणि कुणाचे तरी पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडतात. भूकंपाचं म्हणाल तर कोयना आमच्यापासून फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवणारी माणसं अजून आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे हजारो लोक गेले ते बहुतांशी दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड छप्पर असलेल्या घरांत झोपलेले होते. आमच्या मागच्या खोलीची बांधणी तीच. आई आता तिथे निजत नाही, हे विमा काढण्याआधी केलेलं काम.

‘‘सरकार देतंय की,’’ हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. देतं, नाही असं नाही. तलाठी येतो, पंचनामा होतो. पण आपत्तीच्या मदतीचे २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेले निकष बघावेत. सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली, तीही निदान १५ टक्के, तर साडेसहा हजार. कच्च्या घराला चार हजार. ही मदत आहे, भरपाई नव्हे, आणि सरकारही तिला मदतच म्हणतं. साडेसहा हजारांत गवंडी आणि त्याच्या हाताखालचा माणूस किती दिवस येतील ते आटपाडीत कुणालाही सांगता येईल. तसाच दुसरा आधार लोक सांगतात गॅस कंपनीच्या विम्याचा. सिलिंडरच्या स्फोटात तो मिळतो, खरं आहे; पण मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका घटनेला त्याची मर्यादा दोन लाखांची.

विम्याचा कागदच आपल्याकडे परका आहे असंही नाही. शेजारच्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ ही आयुर्विमा कंपनी काढली. मुंबई-कलकत्त्याच्या बड्या भांडवलदारांशिवाय, मास्तर-वकील-कारकुनांच्या हप्त्यांवर ती चालली, आणि १९५६ च्या राष्ट्रीयीकरणात एलआयसीत विलीन झाली. आयुर्विमा असा घरातल्या ओळखीने आला. गावातला कुणीतरी मास्तर एजंट होता, त्याने दारात बसून समजावलं. आगविमा मात्र मुंबईच्या गोदीतून, कापसाच्या गाठींतून आणि गिरण्यांतून आला आणि व्यापाऱ्यांपाशीच राहिला. १९७३ पासून सर्वसाधारण विमा चार सरकारी कंपन्यांकडे गेला तरी त्यांचा एजंट आमच्या गल्लीत आला तो गाडीच्या विम्यासाठी. घराचं कुणी विचारलं नाही. हप्ता इतका किरकोळ की त्यातून एजंटला फारसं काही सुटत नाही, हेही त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं.

ज्यांच्याकडे घराचा विमा आहे त्यांच्यातले बरेच जण कर्जामुळे आहेत, आणि तिथे एक घोटाळा नेहमी आढळतो. बँकेने कर्ज देताना ‘इन्शुरन्स’ म्हणून रक्कम कापलेली असते. पुष्कळदा तो विमा कर्जदाराच्या जिवाचा असतो: तो गेला तर कर्ज फिटावं यासाठी. घर जळालं, पडलं तर त्यातून दमडी मिळत नाही. काही ठिकाणी तो घराचाच असतो, पण कर्जाच्या रकमेएवढा. म्हणजे बँकेचे पैसे सुरक्षित, तुम्ही स्वतःच्या पदरचे घातलेले उघड्यावर. आणि कर्ज फिटलं की पॉलिसीही बहुधा तिथेच संपते. कर्जफेडीचे पेढे वाटले जातात त्या दिवसापासून घर विम्याविना असतं, आणि घरात कुणाच्या ते ध्यानात नसतं. म्हणून आपल्याकडे जो कागद आहे तो काढून त्यावर विमा कशाचा, जिवाचा की घराचा, एवढं तरी वाचावं. मी शाळेत सहकाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा मधल्या सुट्टीत तिघींनी घरी फोन करून फायली काढायला लावल्या.

आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातल्या गलाईवाल्यांचा प्रश्न आणखी निराळा. ह्या धंद्याला इथले लोक केरळपासून बंगालपर्यंत पसरले. कमाई तिकडे, घर इकडे. गावाकडे दोन मजली बंगला, पुढे ग्रॅनाइटचे खांब, आत म्हातारे आईवडील. ते गेले की कुलूप. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेला आणि लग्नसराईत तेवढं घर उघडतं. अशा घराला आगीपेक्षा चोरीची धास्ती जास्त, आणि नेमकी घरफोडी गृह रक्षाच्या मूळ संरक्षणात नाही. आग किंवा वादळासारखी घटना घडली आणि तिच्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तरच ती धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. दागिन्यांचंही तसंच, सामानाच्या वीस टक्क्यांत ते येत नाहीत, त्यांची रक्कम स्वतंत्रपणे, मूल्यांकनाचा दाखला देऊन ठरवून घ्यावी लागते. ज्या माणसांच्या डोळ्यांना सोन्याचा कस कळतो, त्यांच्याच घरातलं सोनं विम्याबाहेर राहावं हे बरं नाही. जुन्या पद्धतीच्या आगविम्यात तर घर सलग तीस दिवसांहून जास्त बंद राहिलं आणि कंपनीला कळवून मान्यता घेतली नाही तर संरक्षणच थांबायचं. कुलूपबंद घराबद्दल आपल्या पॉलिसीत काय लिहिलं आहे, हे परगावी राहणाऱ्याने सगळ्यात आधी बघावं. भावाला मी हे वाचून दाखवलं, तेव्हा त्याने त्याच्या ओळखीच्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो टाकला.

अजून एक गोष्ट आमच्याकडे घरोघरी आहे. पुढची खोली दुकान, मागे संसार. किराणा, शिलाई, कृषी सेवा केंद्र. घरविमा राहत्या जागेचा. दुकानाच्या भागासाठी, मालासाठी लहान धंद्यांची वेगळी पॉलिसी लागते. तीही २०२१ मध्येच आली. औषधं-खतं विकणाऱ्याने तर हे लपवून मुळीच ठेवू नये. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर येतो आणि त्याला पोत्यांचा वास येतो. गोठाही राहण्याची जागा नाही, त्याचं आधी विचारून घ्यावं. आणि कडब्याची गंज! घराला लागून रचलेली गंज हा माणदेशातल्या आगींचा जुना उगम. ती घरापासून लांब रचणं कोणत्याही कंपनीला हप्ता न देता होतं.

नावाचाही पेच असतो. पुष्कळ घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत. घरपट्टी एकाच्या नावाने, राहणारा दुसरा, पॉलिसी तिसऱ्याची आणि तो वारलेला. दोन भावांत मधली भिंत सामाईक. दुर्घटना झाल्यावर हे सगळं सोडवत बसण्यापेक्षा वारसनोंद आधी करावी आणि पॉलिसीवर त्याच माणसाचं नाव असावं ज्याचा त्या घरात हक्क आहे. आमच्या घरी उताऱ्यावर आईचं आणि आम्हा दोघांची नावं आहेत. पॉलिसीवर यंदा तिघांची घातली. सही करताना आईने विचारलं, ‘‘म्हंजे घर पडलं तर पैसं मला मिळनार?’’ हो म्हटल्यावर तिने चष्मा लावून सगळा कागद वरपासून खालपर्यंत बघितला. तिला अक्षरं लागत नाहीत भराभर, पण तिने बोट फिरवत आकडा शोधला आणि मोठ्याने वाचला.

राहिला मुदतीचा प्रश्न. गृह रक्षा दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि लांब मुदतीत इमारतीची रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्क्यांनी वाढत जाते, जास्तीचा हप्ता न घेता. भावाचा आग्रह त्यासाठीच. तारखा विसरायला नकोत, मध्येच खंड पडायला नको, आणि महागाईची बरीचशी भर आपोआप पडते. जे परगावी राहतात त्यांना हेच सोयीचं, यात शंका नाही. पण ती वाढ महागाईची भर घालते, नव्या बांधकामाची नाही. माडी चढवली, खोली वाढवली तर ते कंपनीला कळवून रक्कम वाढवून घ्यावीच लागते, मग मुदत एक वर्षाची असो की दहा. मी सध्या एकाच वर्षाची घेतली आहे. माडीच्या मागच्या बाजूला एक खोली काढायचं चाललं आहे. दिवाळीनंतर स्लॅब पडेल. मिस्त्रींनी तिचं माप आत्ताच वहीत लिहून दिलं आहे, आतलं वेगळं आणि भिंतीसकट वेगळं. स्लॅब झाला की त्या महिन्यातच रक्कम वाढवायची, आणि पुढच्या वैशाखात, नवा दर विचारून, दहा वर्षांची घ्यायची, असं आमचं दोघांचं ठरलं आहे.